पाहणाऱ्यांचा खेळ

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुसरी मिस्सा आटोपली होती आणि भिवंडीच्या पावसाने नेहमीप्रमाणे रस्त्याचे तळे करून ठेवले होते. रिक्षावाले यायला तयार नव्हते. त्यामुळे बरीच मंडळी चर्चच्या व्हरांड्यात खोळंबून उभी होती. एका कोपऱ्यात आमच्या युवक संघाच्या मुलामुलींचा वाद चांगलाच रंगात आला होता. "शेवट फुकट घालवला", "हिरोला काडीची अक्कल नाही", "पहिल्यात जी मजा होती ती ह्यात नाही", अशी वाक्ये कानी पडत होती. आम्हांस आधी वाटले, क्रिकेटचा सामना असावा. मग वाटले, कुठल्याशा निवडणुकीचे बोलणे असावे. जवळ गेल्यावर कळले की एका कोरियन मालिकेचा तिसरा आणि अखेरचा हंगाम २७ जून २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला होता आणि मुलांनी तो दोन रात्रींत संपवला होता. मालिकेचे नाव 'स्क्विड गेम'.

"किती माणसे मरतात त्यात?" आम्ही विचारले.

"तशी पुष्कळ, फादर. पण ह्या वेळी बोअर मरतात," एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. आम्हीही हसलो. हसू ओसरल्यावर ते वाक्य मात्र आमच्यापाशीच राहिले.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या ४५६ माणसांना एका बेटावर नेले जाते. तेथे त्यांनी लहानपणचे खेळ खेळायचे: गोट्या, रस्सीखेच, 'लाल दिवा, हिरवा दिवा', तिसऱ्या हंगामात लपंडाव आणि दोरीवरच्या उड्या. जो हरला तो जागच्या जागी मारला जातो. मेलेल्या प्रत्येक माणसामागे दहा कोटी वोन, म्हणजे आपले साधारण साठ लाख रुपये, छतापासून टांगलेल्या एका पारदर्शक कुंभात पडतात. सगळे मेले आणि एकच उरला तर त्याला ४,५६० कोटी वोन मिळतात. हे सारे मुखवटे घातलेले काही धनिक मद्याचे पेले हाती घेऊन पाहत असतात. दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्यक ह्यांना ही कल्पना २००८-०९ च्या सुमारास सुचली. पुढची सुमारे दहा वर्षे तिला कोणी निर्माता मिळाला नाही. पहिला हंगाम १७ सप्टेंबर २०२१ रोजी आला, दुसरा २६ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी. तिसरा हंगाम पहिल्या तीन दिवसांत सहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला, असे कंपनीनेच जाहीर केले.

मुलांच्या कोणत्याही आवडीवर न पाहता बोलणे हा धर्मगुरूंचा जुना दोष आहे. तो टाळावा म्हणून आम्ही तिन्ही हंगाम पाहिले. जेवणानंतर, कार्यालयाचे दार लावून, पुतण्याने फोनवर लावून दिले तसे पाहिले. पहिल्या दोन भागांत आम्हांस खरोखर मळमळले. चौथ्या भागापर्यंत मळमळ गेली. आणि काचेच्या पुलाच्या खेळाला, कोणती काच फुटणार आणि कोणती टिकणार ह्या उत्कंठेत, आम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. एक माणूस खाली कोसळला आणि आमच्या मनात आले, 'आता पुढचा.' दया नव्हती, चीड नव्हती, फक्त 'पुढचा'. रात्रीचा एक वाजला होता आणि पहाटे साडेसहाची मिस्सा होती.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीन ह्यांचे आत्मनिवेदन आम्हांस वाचावे लागले होते. त्यातील सहाव्या भागात त्यांच्या अलिपियस नावाच्या मित्राची हकिगत आहे. अलिपियस कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला. तलवारबाजांच्या जीवघेण्या खेळांचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला एके दिवशी हसत-हसत ओढून नेले. "माझे शरीर न्याल, मन कसे न्याल?" अशा बाण्याने तो गेला आणि डोळे घट्ट मिटून बसला. मात्र कान कसे मिटणार? एक तलवारबाज पडला, गर्दीने आरोळी ठोकली आणि अलिपियसने डोळे उघडले. ऑगस्टीन सांगतात ते असे की पडलेल्या माणसाच्या देहाला जी जखम झाली, तिच्याहून मोठी अलिपियसच्या आत्म्याला झाली. त्याने नजर वळवली नाही; उलट पुढे तो इतरांना ओढून आणू लागला. हाच अलिपियस पुढे बिशप झाला, हे सेमिनरीतील आमच्या प्राध्यापकांनी मुद्दाम दोनदा सांगितले होते.

पंचविशीत आम्हांला ही गोष्ट दुर्बळ मनाच्या एका तरुणाची वाटली होती. पन्नाशी ओलांडल्यावर तिच्यातले दुसरेच काही दिसले. अलिपियसला खेळाने जिंकले नाही, आरोळीने जिंकले. एकटा असता तर तो कदाचित डोळे मिटून घरी गेला असता.

ही सारी मांडणी आम्ही पुढच्या रविवारी युवक संघापुढे ठेवली. मुलांनी ऐकून घेतली. मग कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "फादर, ते रोमचे लोक खरे मरत होते. इथे कोणी मरत नाही. नट घरी जातात, पैसे घेतात. आम्ही गोष्टीवर टीका करतो, मरणावर नाही." आम्ही म्हणालो, "मान्य." ती थांबली नाही. "आणि गुड फ्रायडेला आपण काय पाहतो? चाबकाचे फटके, खिळे, रक्त. वसईला तर दुःखसहनाचे नाटक बघायला माणसे चटया घेऊन येतात. माझी मम्मी दरवर्षी म्हणते, ह्या वर्षीचा येशू चांगला नव्हता, मागच्या वर्षीचा चांगला होता."

सभागृहात हशा पिकला. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे येथे कबूल करतो. आम्ही मूळचे वसईचेच. तशा नाटकात लहानपणी गर्दीतला एक पोरगा म्हणून आम्ही स्वतः उभे राहिलो आहोत आणि आमचे लक्ष शिपायांच्या भाल्यांकडेच अधिक होते.

तिचे म्हणणे बरोबरच आहे, असे आठवडाभर विचार करून आमचे मत झाले. वाइटाचे चित्रण पाहणे हे स्वतःच वाईट नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्क माध्यमांविषयीचा जो आदेश प्रसिद्ध केला, त्यातही म्हटले आहे की संयम राखून केलेले वाइटाचे चित्रण माणसाला माणूस अधिक खोलवर समजावून देऊ शकते. तेव्हा 'अशा मालिका पाहू नका' असा फतवा काढून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. काढला तरी कोण ऐकणार, हा भाग वेगळा. प्रश्न हा आहे की पाहताना आपण कोठे उभे असतो. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा उपासनेत एक विलक्षण गोष्ट घडते, जिच्याकडे सवयीमुळे आपले लक्ष जात नाही. येशूचे शब्द धर्मगुरू वाचतो, निवेदन वाचक करतो आणि गर्दीचे शब्द कोण म्हणतो? आपण. सारा भक्तसमुदाय. नव्वदीची आजी, पहिली ख्रिस्तप्रसादविधी नुकतीच झालेले पोर, सगळे मिळून बराब्बाला मागतात आणि दुसऱ्याला क्रूसावर पाठवतात. आपल्याला बाकांवर बसवून ठेवलेले नाही. गर्दीत उभे केले आहे. पिलाताने अखेर जे केले ते एक प्रकारचे मतदानच होते.

आणि मतदानावरून आम्ही ह्या मालिकेतील आम्हांस सर्वांत भयंकर वाटलेल्या गोष्टीकडे येतो. ती बंदुकीची गोळी नव्हे.

पहिल्या हंगामात पहिल्याच खेळात २५५ माणसे मरतात. उरलेल्या २०१ जणांना नियमाप्रमाणे मत देण्याचा हक्क आहे: खेळ चालू ठेवायचा की थांबवायचा? शंभर मते चालू ठेवण्याच्या बाजूने, १०१ थांबवण्याच्या. खेळ थांबतो, माणसे घरी जातात. आणि घरी तेच कर्ज, तोच सावकार, तीच आजारी आई. त्यांतील १८७ जण स्वखुशीने परत येतात. दुसऱ्या हंगामात पहिल्या खेळानंतर ३६५ उरतात. १८३ म्हणतात चालू ठेवा, १८२ म्हणतात थांबवा. दोन्ही वेळा फरक एका मताचा. आणि दोन्ही वेळा शेवटचे मत ज्याचे, तो क्रमांक एकचा खेळाडू प्रत्यक्षात खेळ चालवणाऱ्यांपैकीच एक आहे, वेश पालटून खेळाडूंत मिसळलेला. पहिल्या वेळी तो 'थांबवा' म्हणतो, दुसऱ्या वेळी 'चालवा' म्हणतो. काहीही म्हटले तरी खेळ त्याचाच राहतो.

"मग चूक कोणाची, फादर?" एका मुलाने विचारले. "त्यांना विचारले होते. त्यांनी सही केली होती. मत दिले होते."

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने तो एका गलबताच्या उदाहरणाने मांडला. वादळात सापडलेला तांडेल जीव वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. हे कृत्य त्याने स्वेच्छेने केले काय? शहाणा माणूस किनाऱ्यावर उभा राहून माल पाण्यात टाकणार नाही. पण वादळात टाकील. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच धागा पुढे नेला. भीतीपोटी केलेले कृत्य, ते म्हणतात, त्या वेळेपुरते स्वेच्छेचेच असते. मात्र त्यात अनिच्छेचाही एक अंश असतो. म्हणजे त्या १८७ जणांची संमती खोटी नव्हती. ती वादळातली संमती होती. आमच्या परीक्षेत ह्यावर दहा गुणांचा प्रश्न होता आणि आम्हांला त्यात आठ मिळाले होते. पण तांडेलाला सोडून वादळाविषयी विचारावे हे आम्हांला तेव्हा सुचले नाही. समुद्रातले वादळ कोणाच्या मालकीचे नसते. माणसाच्या गरजेच्या वादळाला पुष्कळदा मालक असतो आणि तो हिशेब ठेवतो.

खरेदी-विक्रीतील अन्यायावर लिहिताना हेच थॉमस एक बारीक गोष्ट सांगतात. घेणाऱ्याला एखादी वस्तू अतिशय निकडीची आहे, तिच्यावाचून त्याचे अडले आहे, एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने किंमत वाढवू नये. कारण ती नड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते विकण्याचा कोणाला हक्क नाही. आपल्याकडे ह्यावर म्हण आहे: अडला हरी गाढवाचे पाय धरी. म्हणीतले हसू मात्र नेहमी हरीच्या वाट्याला येते. गाढवाला कोणी काही विचारत नाही.

भिवंडीत राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. मालिकेचा नायक सोंग गि-हून हा मोटारीच्या कारखान्यातून कमी केलेला कामगार आहे. २००९ साली कोरियातील साँगयाँग मोटार कारखान्यात मोठी कामगारकपात झाली, ७७ दिवस संप चालला आणि मोडला गेला. ती घटना आपल्या मनात होती, असे दिग्दर्शकांनीच सांगितले आहे. हे वाचले तेव्हा आम्हांस १८ जानेवारी १९८२ आठवला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; तो विरत गेला. आणि गिरण्या बंद असताना कापड कोठे विणले जात होते? पुष्कळसे येथेच, भिवंडीच्या यंत्रमागांवर, गिरणीपेक्षा कमी मजुरीत, बारा-बारा तासांच्या पाळीत. येथे माग चालवणारा उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेला माणूस कोणाचा शत्रू नव्हता. त्याचेही घर होते, त्यालाही हप्ते होते. एका अडलेल्या माणसाचे काम दुसऱ्या अडलेल्या माणसाने कमी दामात केले. त्याला कोणी फसवले नाही, त्यानेही संमतीच दिली होती. आज तेच माग एकामागून एक भंगारात जात आहेत आणि नाशिक रस्त्याच्या दुतर्फा गोदामे उभी राहिली आहेत. आमच्या धर्मग्रामातील निम्मी तरुण मुले त्या गोदामांत रात्रपाळी करतात. ही मालिका त्यांतल्या कित्येकांनी तेथेच, जेवणाच्या अर्ध्या तासात, तुकड्या-तुकड्यांनी पाहिली.

अशाच एकाची प्रतिक्रिया आम्हांला येथे सांगायची आहे. त्याची परवानगी आम्ही घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वय तिशीच्या आतबाहेर; दोन मुले. पैसे लावून खेळण्याच्या मोबाइलवरील खेळांत त्याने आधी पगार, मग पत्नीचे दागिने आणि मग उसने आणलेले पैसे घालवले. साडेतीन लाख रुपये. शेवटच्या रविवारी व्हरांड्यात सगळे शेवटाविषयी भांडत असताना हा गप्प होता. आम्ही त्याला विचारले, "तुला कसा वाटला शेवट?"

"शेवटाचे काय, फादर," तो म्हणाला. "मला तो सुटाबुटातला माणूस आठवतो. स्टेशनवरचा."

ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल. रेल्वे स्थानकावर एक सभ्य, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस कर्जबाजारी लोकांना गाठतो, कागदाच्या घड्यांचा एक पोरखेळ खेळायला लावतो, हरल्यावर थोबाडीत मारतो आणि जिंकल्यावर नोटा देतो. शेवटी खिशातून एक पत्त्याचे कार्ड काढून देतो. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी हाच माणूस एका बागेत बेघर लोकांपुढे उभा राहतो. एका हातात पाव, दुसऱ्या हातात लॉटरीचे तिकीट. दोहोंतले एकच घ्या. बहुतेक सगळे तिकीट घेतात. मग उरलेले पाव तो जमिनीवर ओततो आणि सर्वांदेखत पायांनी तुडवतो. आमच्या मुलांना हे दृश्य 'भारी' वाटले होते. पाव मोडून वाटणे हेच ज्याचे रोजचे काम, त्या माणसाला ते पुन्हा पाहवले नाही.

"तो माणूस खोटा नाही वाटत," आमचा तरुण पुढे म्हणाला. "माझ्या फोनवर रोज यायचा. कधी पन्नास रुपये फुकट द्यायचा, कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा. घरात माझा वाढदिवस कोणाच्या लक्षात नव्हता तेव्हा त्याच्या होता." मग म्हणाला, "मला ते कार्ड मिळाले असते तर मी गेलो असतो, फादर. खरे सांगतो."

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलेच झाले. आम्ही त्याला ते सांगितले तर तो म्हणाला, "खेळ बंद झाला. हप्ता चालू आहे."

आता प्रेक्षकांच्या रागाविषयी थोडे, कारण त्यावरूनच हा लेख सुरू झाला. तिसऱ्या हंगामात एक गरोदर खेळाडू बेटावरच बाळंत होते. तिच्या मृत्यूनंतर तिचा क्रमांक त्या तान्ह्या मुलीला मिळतो. ते बाळ आता खेळाडू. एक म्हातारी त्या माय-लेकरांना वाचवण्यासाठी स्वतःच्या मुलाच्या पाठीत केसांतील काटा खुपसते. आणि अखेर गि-हून, जो खेळ बंद पाडायचा म्हणून स्वतःहून परत आला होता, बाळ जगावे म्हणून उंचावरून स्वतःला खाली सोडतो. बाळ जिंकते. ह्यावर आमच्या मुलांचा संताप: परत जायचेच कशाला? बंड करायचे आणि फसायचे कशाला? सूड म्हणून एका घाबरलेल्या सोबत्याचा गळा घोटायचा आणि मग संत व्हायचे, हे काय? एका मुलाने तर हिशेब मांडला की नायक गप्प बसता तर सुखी असता. मुखवटेवाल्या परदेशी धनिकांचा अभिनय भिकार आहे, ह्यावर मात्र सर्वांचे एकमत होते. ते धनिक पडद्यावर जे बोलतात, म्हणजे हा खेळ रंगला, हा कंटाळवाणा झाला, अमुक क्रमांकाने निराशा केली, तेच आपण व्हरांड्यात बोलत आहोत, हे आम्ही हलकेच सुचवून पाहिले. मुले क्षणभर गप्प झाली. नंतर एकजण म्हणाला, "पण फादर, अभिनय खरेच भिकार आहे." आहेच. आम्हीही पाहिला आहे.

खेळ मोडणाऱ्याचा प्रेक्षकांना राग येतो, हेही जुनेच. पाचव्या शतकात लिहिणाऱ्या थिओडोरेट ह्यांनी टेलेमाखस नावाच्या एका संन्याशाची कथा नोंदवली आहे. रोमच्या आखाड्यात उतरून तो लढणाऱ्या दोघांना अडवू लागला, तेव्हा त्याला तलवारबाजांनी नव्हे, प्रेक्षकांनी दगडांनी ठेचले. त्यानंतर सम्राट होनोरियसने ते खेळ बंद केले, असे थिओडोरेट सांगतात.

गि-हूनच्या मरणाविषयी आमचे मत मुलांहून वेगळे आहे. तो संत नव्हे. त्याच्या हातांवर रक्त आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. म्हणूनच त्याचे ते कृत्य आम्हांस खरे वाटले. निर्मळ माणसाने बळी जाणे आपण क्रूसावर पाहिले आहे; आपल्यासारख्यांच्या वाट्याला फार तर गि-हूनसारखे, उशिरा आणि डागाळलेल्या हातांनी, खाली उतरणे येते. आमची तक्रार दुसरीच आहे. दिग्दर्शकाने बाळाला जगवले ते ठीक. बक्षीसही त्याच्याच पदरात कशाला टाकले? ४५५ मरणांचे ते पैसे अखेर एका पोलिसाच्या दारात बाळासोबत आणून ठेवले जातात. त्या पैशांचे काय करावे हे कथेला सुचले नाही. कंपनीला मात्र आधीच सुचले होते: नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने ४५६ खऱ्या माणसांना घेऊन, ४५ लाख ६० हजार डॉलरांचे बक्षीस लावून, ह्याच खेळांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर आणली. मरण तेवढे वगळले, बाकी सारे तेच. गरिबांना खेळवून पाहणाऱ्या श्रीमंतांवरची टीका हाच एक पाहण्याचा खेळ झाला.

आपण मराठी माणसांनी कोरियाला हसू नये. आमच्या शेजारी ठाण्यात दहीहंडीच्या दिवशी लाखोंची बक्षिसे लागतात. १६ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे एका गोविंदा पथकाने दहा थर रचले. त्या थरांचे आम्हांला मनापासून कौतुक आहे. त्यात ख्रिस्ती पोरेही खांदा देतात आणि तो मनोरा एकमेकांना धरल्यावाचून उभा राहत नाही. ह्या बाबतीत तो त्या बेटावरच्या खेळांच्या नेमका उलट आहे. मात्र सर्वांत वरच्या लहानग्याच्या वयावरून न्यायालयाला २०१४ आणि २०१७ साली लक्ष घालावे लागले, दरवर्षी पोरे जायबंदी होतात, आणि थर कोसळतो तेव्हा गर्दीतून जी आरोळी उठते ती नेहमीच हळहळीची नसते. एकदा त्या गर्दीत आम्हीही होतो. खालच्या थरातला गडी वर पाहत नाही, मान खाली घालून भार घेतो. वर पाहतो तो फक्त प्रेक्षक.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या धर्मग्रामात अडलेल्या कुटुंबांना मदत करणारी एक लहानशी समिती आहे. निधी बेताचा, मुलांची फी, औषधपाणी, छप्पर गळणे एवढ्यापुरता. त्या तरुणाच्या पत्नीने दोन वर्षांपूर्वी समितीकडे अर्ज केला होता. सावकाराचे चाळीस हजार तेवढे भागवा, बाकीचे आम्ही फेडू, एवढेच तिचे मागणे. चर्चा तासभर चालली. काहींचे म्हणणे, जुगाऱ्याचे कर्ज दिले तर उद्या रांग लागेल. कष्टाने दिलेल्या दानाचा हा उपयोग नव्हे. काहींचे म्हणणे, मुले जुगारी नाहीत. मते पडली: चार विरुद्ध चार. अध्यक्षाचे मत निर्णायक असते. अध्यक्ष आम्ही.

आम्ही 'नाही' म्हटले. वर त्याला बोलावून उपदेशही केला: तुला कोणी जबरदस्ती केली नव्हती, तू आपल्या मर्जीने खेळलास. तो मान खाली घालून ऐकत होता. आमचे म्हणणे चुकीचे नव्हते. थॉमसही निम्मे तेच म्हणतात. उरलेले निम्मे आम्हांला त्या दिवशी आठवले नाही. आणि आम्ही किनाऱ्यावर, छत्राखाली, चहा पीत बसलो होतो हेही आमच्या ध्यानात आले नाही.

परवाच्या पावसात त्याला हे सारे सांगितले तेव्हा तो ओशाळून हसला. "जाऊ द्या हो, फादर. तुम्ही तरी काय करणार? नियमच तसा असेल."

समितीची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. त्या पत्नीचा जुना अर्ज आम्ही कपाटातून शोधून काढला आहे. कोपरा वाळवीने खाल्ला असला तरी आकडा आणि सही वाचता येते. सावकाराचे चाळीस हजार आता एकसष्ट झाले आहेत. मते पुन्हा चार-चार पडतील, असा आमचा अंदाज आहे.